पासवर्डची दुसरी प्रत : काय लिहावे, कोठे ठेवावे

५ एप्रिल २०२४ रोजी रायपूरच्या गुढियारी भागात वीज वितरण कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत ट्रान्सफॉर्मर ठेवलेले होते. त्यांतल्या तेलाने पेट घेतला, धुराचे लोट दूरवरून दिसू लागले आणि आसपासच्या वस्तीतील लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. अशा वेळी माणूस आधी मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढतो. हाताशी असलीच तर कागदपत्रांची पिशवी उचलतो. फोन चार्जिंगला लावलेला असेल तर तो तसाच राहतो, आणि ज्या वहीत पासवर्ड लिहिले आहेत ती वही कपाटातच राहते.

घर सोडण्याची वेळ सगळ्यांवर येत नाही. पण ठोक बाजारातल्या गर्दीत फोन खिशातून जाणे, पावसात भिजून तो बंद पडणे, हे नेहमीचेच आहे. फोन आणि वही एकाच दिवशी गेले, तर स्वतःच्या पैशापर्यंत पोचायला तुमच्या हातात काय उरते, हा या पाठाचा विषय.

आधी एक गैरसमज दूर करू. पिन विसरला म्हणून पैसे बुडत नाहीत. यूपीआयचा पिन डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि मोबाइलवर येणारा ओटीपी यांच्या आधारे पुन्हा बनवता येतो. बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीवरही बनतो. एटीएमचा पिन बँक नव्याने देते. काहीच जमले नाही, तर पासबुक आणि ओळखपत्र घेऊन शाखेत जाता येते. स्टीफन थॉमस नावाच्या संगणक प्रोग्रामरची गोष्ट २०२१ मध्ये जगभर गाजली. त्याचे ७,००२ बिटकॉइन एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये होते आणि ज्या कागदावर पासवर्ड लिहिला होता तो कागद हरवला. दहा प्रयत्नांची मुभा होती, त्यांतले आठ वाया गेले होते. त्याच्यामागे कोणतीही शाखा नव्हती, कोणी व्यवस्थापक नव्हता. आपल्यामागे बँक आहे, हे आपले भाग्य समजा.

मग दुसरी प्रत कशाची ठेवायची? ज्यांच्या जोरावर बाकी सगळे पासवर्ड नव्याने मिळतात, त्यांची. अशा किल्ल्या दोनच : मोबाइल क्रमांक आणि ईमेल.

मोबाइल क्रमांकाचा पासवर्ड नसतो, पण मालक असतो. घरात पाहा, आईच्या खात्याला जोडलेले सिम कोणाच्या नावावर आहे? पुष्कळदा ते थोरल्या मुलाच्या किंवा जावयाच्या नावावर निघते. सिम हरवले तर दुसरे सिम ज्याच्या नावावर ते आहे त्यालाच, त्याची ओळख पटवून मिळते. तो माणूस पुण्याला नोकरीला असेल, तर आईचे खाते तोवर ओटीपीविना अडून बसते. म्हणून वहीत पहिली ओळ ही लिहा : क्रमांक कोणता, कोणत्या कंपनीचा, कोणाच्या नावावर. जे सिम नुसते डब्यात पडून आहे त्याचाही विचार करा. सुमारे तीन महिने न वापरलेले सिम बंद होऊ शकते आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळतो. त्या क्रमांकाला बँक खाते जोडलेले असेल, तर तुमच्या खात्याचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतील.

ईमेलची गोष्ट आणखी नाजूक. आपल्याकडे अनेकांचा ईमेल चॉइस सेंटरवरच बनलेला असतो. पॅन कार्डाचा अर्ज भरताना ईमेल हवा होता, तेथल्या मुलाने दोन मिनिटांत बनवून दिला. पासवर्ड त्यानेच ठरवला, आणि पासवर्ड विसरल्यास संपर्क करण्याचा क्रमांक म्हणून कधी कधी स्वतःचाच क्रमांक टाकला. त्याच्या मनात काही वाईट असेलच असे नाही. पण तुमच्या घराची किल्ली त्याच्या खिशात आहे, हे खरे. आजच ईमेलची सेटिंग उघडा. पर्यायी क्रमांक तुमचा आहे का ते पाहा, नसेल तर बदला, आणि त्यानंतर पासवर्डही बदला. हा क्रम उलटा करू नका, कारण जुना क्रमांक राहिला तर नवा पासवर्डही त्याला बदलता येईल.

ईमेल गूगलचा असेल आणि त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल, तर गूगल दहा बॅकअप कोड देते. प्रत्येक कोड आठ अंकी असतो आणि एकदाच चालतो. फोन हातात नसतानाही हे कोड तुम्हाला ईमेलमध्ये शिरू देतात. ते कागदावर उतरवा, वापरलेला कोड खोडत जा. नवे दहा काढले की जुने दहाही रद्द होतात, तेव्हा जुना कागद फाडून टाका.

आता कागद की फोन? माझे मत कागदाच्या बाजूने आहे, निदान या दोन किल्ल्यांसाठी तरी. पासवर्डचा फोटो काढून गॅलरीत ठेवला, तर ज्या ज्या ॲपला गॅलरी पाहण्याची परवानगी दिली आहे त्याच्यापुढे तो उघडा पडला. लग्नाची पत्रिका किंवा वाहतुकीचे चलान म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायली याच वाटेने फोनमध्ये शिरतात. संपर्क यादीत ‘रमेश प्लंबर’ असे नाव देऊन शेवटी चार अंक लपवण्याची युक्तीही आता जुनी झाली. चोर तेथे आधी पाहतो. ज्यांची दहा-पंधरा खाती आहेत त्यांनी पासवर्ड मॅनेजर जरूर वापरावा, पण त्याचा मुख्य पासवर्ड पुन्हा कागदावरच ठेवावा लागतो.

कागदावर लिहिताना आपल्या हाताची एक अडचण लक्षात घ्या. मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. म्हणून पासवर्डातले अंक एकाच लिपीत लिहा आणि ती कोणती ते वर नोंदवा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल यांतही घोळ होतो, शून्याला आडवी रेघ द्यावी. प्रत्येक नोंदीपुढे तारीख घाला. पुढे पासवर्ड बदलला की जुनी नोंद खोडून नवी तेथेच लिहायची. सहा महिन्यांनी एकदा, मोबाइलमधले जतन केलेले पासवर्ड न वापरता, वहीत पाहून ईमेल उघडून बघा. नाही उघडला, तर निदान घरी निवांत बसलेले असताना कळले.

वही चोराच्या हाती लागली तर, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर घरगुती उपाय असा : पासवर्डाची शेवटची चार-पाच अक्षरे कागदावर लिहायचीच नाहीत. हे शेपूट डोक्यात ठेवायचे आणि घरातल्या एकाच विश्वासू माणसाला तोंडी सांगायचे. जन्मतारीख किंवा मुलाचे नाव शेपूट म्हणून घेऊ नका.

एटीएम आणि यूपीआयचा पिन मात्र अर्धाही लिहू नका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे पिनसारखी गोष्ट दुसऱ्याला कळू दिल्याने नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचेच. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. कार्डाच्या पाकिटात पिनची चिठ्ठी सापडली, तर निष्काळजीपणा नव्हता असे म्हणायला जागा उरत नाही. पिन पुन्हा बनतो, हे वर पाहिलेच. मग तो लिहिण्याचा धोका घ्यायचा कशाला?

प्रती दोन हव्यात आणि त्या दोन छपरांखाली. एक घरी, दुसरी बंद लिफाफ्यात बहिणीकडे किंवा भावाकडे. रायपूरच्या बहुतेक मराठी घरांचे कोणी ना कोणी नागपूर, भंडारा, गोंदियाला असतेच. लिफाफा चिकटवून जोडावर सही करा, म्हणजे उघडला गेला तर कळेल. तो स्वतः नेऊन द्या. बँकेत लॉकर असेल तर उत्तमच, मात्र रात्री किंवा सुटीच्या दिवशी तो उघडत नाही, तेव्हा घरची प्रत लागेलच.

आपल्या माघारी मुलांना पैसे मिळावेत म्हणून अनेक जण पिन सांगून ठेवतात. ही वाट चुकीची आहे. खातेदार गेल्यावर त्याच्या कार्डाने पैसे काढले, तर बाकीचे वारस त्यावर हरकत घेऊ शकतात आणि काढणारा अडचणीत येतो. त्यासाठी नामनिर्देशन आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीवर चार जणांपर्यंत नावे देता येतात. नाव दिलेले असले की दावा निकाली काढण्यासाठी बँक साधारणपणे वारस दाखला मागत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर फक्त बँक, शाखा, खात्याचे शेवटचे चार अंक आणि नाव कोणाचे दिले आहे, एवढे लिहा. पोस्टातली खातीही विसरू नका. दहा वर्षे कोणी विचारपूस न केलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. त्या परत मिळतात, पण आधी त्या होत्या हे वारसांना माहीत असावे लागते. असे खाते शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे.

वही हरवलीच, तर हा क्रम ठेवा. पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदला. मग नेट बँकिंगचा. पैसे गेल्याचे दिसले तर हे सगळे सोडून आधी बँकेला कळवा, तक्रारीचा क्रमांक घ्या, आणि लगेच १९३० वर फोन करा.