मूत्रपिंडाचा कर्करोग बरा झाल्यानंतर

लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे विल्म्सचे अर्बुद होय. जर्मन शल्यवैद्य माक्स विल्म्स यांनी १८९९ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. शस्त्रक्रिया, औषधे व जरूर तेथे किरणोपचार यांच्या योगाने प्रगत देशांत आज दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. म्हणूनच, उपचाराने शरीरात मागे काय ठेवले, हा प्रश्न आता महत्त्वाचा झाला आहे.

एक मूत्रपिंड काढल्यावर उरलेले मूत्रपिंड आकाराने वाढते व दोहोंचे काम करू लागते. बहुतेकांना ते जन्मभर पुरते. तथापि या जादा भारामुळे काहींचा रक्तदाब वाढतो, किंवा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. काही मुलांना द्यावे लागणारे डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयाच्या स्नायूंस इजा करू शकते. एकूण मात्रा जितकी अधिक, तितका धोका अधिक. आणि ही इजा अनेक वर्षे सुप्त राहून गरोदरपणासारख्या ताणाच्या वेळी प्रकट होऊ शकते. पोटावर किरणोपचार झाला असल्यास त्या बाजूची हाडे व स्नायू खुरटतात, कणा वाकू शकतो आणि मुलींना पुढे मुदतपूर्व प्रसूतीचा धोका राहतो. त्याच भागात क्वचित दुसरा कर्करोगही उद्भवतो.

तेव्हा कोणास कशाची भीती, हे पूर्वी झालेल्या उपचारावरून ठरते. परंतु तीन वर्षांच्या मुलास तो उपचार आठवणार कसा? दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था तेथून जवळच आहे. समजा, तेथील एका मुलीवर उपचार झाले, ती बरी झाली आणि वडिलांची बदली झाली. सामानाच्या बांधाबांधीत कागद हरवले. वीस वर्षांनी, ती गरोदर असताना, नागपूरच्या डॉक्टरांनी विचारले, तर ती काय सांगणार?

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र चिकित्सालय चालते. तथापि पहिली जबाबदारी घरचीच. औषधांची नावे व एकूण मात्रा, किरणोपचाराची जागा व मात्रा आणि काढलेले मूत्रपिंड कोणत्या बाजूचे, एवढा लेख डॉक्टरांकडून घेऊन जपावा. रक्तदाब व लघवी दरवर्षी तपासावी, हृदयाची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी आणि वेदनाशामक गोळ्या त्यांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. मूल जाणते झाले, की तो लेख समजावून सांगून त्याच्या स्वाधीन करावा.