गाडी घे, पण आरसीवर नाव तुझं हवं

बाळा, गाडी बघायला गेलास की आधी इंजिनाजवळ हात ने. गरम लागलं तर विकणाऱ्याला सरळ सांग, 'संध्याकाळी येतो, तोवर चालू करू नका.' तापवून ठेवलेली गाडी पहिल्या किकला लागते आणि तिचं सगळं दुखणं झाकलं जातं. थंड गाडी चोक ओढून दोन-तीन किकांत लागली पाहिजे. लागली की विकणाऱ्याला रेस द्यायला सांग आणि तू मागे सायलेन्सरपाशी उभा राहा. निळसर धूर आला तर गाडी ऑइल खाते आहे, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. थंडीच्या दिवसांत सकाळी जराशी पांढरी वाफ येते, ती लगेच थांबते; तिची काळजी नको.

इंजिनाचं तुला सांगतोच आहे, पण त्याच्याही आधी कागद.

चिंचोळी एमआयडीसीत तू नवा आहेस. परभणीहून आलास, कोंडीत खोली घेतलीस, दोन-तीन वर्षं राहशील. इथल्या माणसाची गाडी फसली तर तो विकणाऱ्याच्या दारात जाऊन बसतो, त्याच्या मामाला, सरपंचाला मध्ये घालतो. तुझं इथं कोण आहे? परगावच्या माणसाची ओळख म्हणजे त्याच्या हातातला कागद. बिदरची, बिहारची, ओडिशाची पोरं आपल्या प्लँटमध्ये येतात, त्यांनाही मी इतकी वर्षं हेच सांगत आलो.

गाडी लागतेच, हे मलाही कळतं. सोलापूर इथून पंधरा-वीस किलोमीटर. सेकंड शिफ्ट सुटली की ना एसटी मिळते ना वडाप. पण गाडी लागते म्हणून घाईत घेऊ नकोस. टपरीवर कुणी म्हणेल, 'माझ्या दोस्ताची आहे, आजच पैसे दे, उद्या दुसरा नेईल.' नेऊ दे. या भागात दर महिन्याला कुणीतरी काम सोडून गावी जातो आणि गाडी विकतो. असा जाणारा माणूसच तुझ्यासाठी चांगला विक्रेता. गाडी रोज कंपनीच्या स्टँडला लागलेली असते, कशी चालवली ते चार जणांनी पाहिलेलं असतं आणि आरसीवर नाव त्याचंच असतं.

ते शेवटचं नीट लक्षात घे. ज्याच्या हातात पैसे देशील त्याचंच नाव आरसीवर हवं. पुष्कळ गाड्या सह्या केलेल्या कोऱ्या टीटी फॉर्मवर तीन-तीन हात फिरतात. फॉर्म २९ आणि ३० वर पहिल्या मालकाची सही आणि बाकी रकाने मोकळे. आमच्याकडच्या एका हेल्परने अशी गाडी घेतली. नावावर करायला गेला तेव्हा कळलं की मूळ मालक वारला आहे. मग वारसांचे कागद, फॉर्म ३१, त्यांच्या संमती. वारस दुसऱ्या तालुक्यात आणि त्यांच्यात आपसात बोलणं नाही. गाडी चांगली होती, पोरगाही चांगला होता, पण ती त्याच्या नावावर कधीच झाली नाही.

गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाक. पासिंगची तारीख, विमा, पीयूसी आणि फायनान्सचा बोजा, सगळं दिसतं. बोजा दिसला आणि विकणारा म्हणाला, 'हप्ते कधीच फिटले', तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ माग. ते आणल्याशिवाय बोजा उतरत नाही. ई-चलन वेगळं तपास. थकलेला दंड त्याच्याकडूनच भरून घे. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का बघ. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी इतकाच खर्च आहे, पण ती नसली तर आरटीओतलं काम अडतं. पासिंग पंधरा वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळते खरी, पण वर्षभरात पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर तुझ्या गळ्यात येतो. तुला दोन-तीन वर्षंच वापरायची आहे, म्हणून जिचं पासिंग निदान पाच वर्षं शिल्लक आहे अशीच बघ.

सोलापूरला कर्नाटक लागून आहे. केए २८ म्हणजे विजयपूर आणि केए ३२ म्हणजे कलबुर्गी. या नंबरच्या गाड्या इथं स्वस्त सांगतात. एमएच १३ पेक्षा पाच-सात हजारांनी कमी ऐकून पोरं भुलतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला रोड टॅक्स भरणं आलं. वाचलेले पैसे तिथंच जातात आणि सुट्ट्या मोडतात त्या वेगळ्या. माझं ऐकशील तर ते टाळ. तुझ्या परभणीची एमएच २२ किंवा शेजारच्या धाराशिवची एमएच २५ चालेल, राज्य एकच आहे.

आता तुझ्या पत्त्याचं. आधारवर परभणी आहे आणि राहतोस कोंडीत. गाडी कुठल्या पत्त्यावर नावावर करायची हे पैसे देण्याआधी ठरव. इथल्या पत्त्यावर हवी तर घरमालकाकडून नोंदणीकृत भाडेकरार करून घे आणि तो चालेल ना हे आरटीओत आधीच विचार. विकणाऱ्याचा मोबाइल नंबर गाडीच्या नोंदीला जोडलेला हवा, कारण अर्ज करताना ओटीपी त्याच्याकडे जातो. एकदा माणूस गावी गेला, सिम बदललं, की ओटीपी कुणाकडे मागशील? म्हणून तो इथं असतानाच, त्याला शेजारी बसवून अर्ज भर. तू घेणारा, तुला कायद्याने तीस दिवस आहेत. पैसे यूपीआयने किंवा चेकने दे, रोख नको. आणि पाच हजार मागे ठेव. नाव चढलं की दे. सचोटीचा विक्रेता याला नाही म्हणत नाही.

विमा पोरं विसरतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो, त्यामुळे तुलनेने नव्या गाडीचा विमा शिल्लक असू शकतो. तो गाडीबरोबर तुझ्याकडे येतो, पण चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घे. मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण मात्र ज्याच्या नावावर पॉलिसी त्याचंच. विमा संपलेला असेल तर गाडी खोलीवर आणण्याआधी नवा काढ. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला २०२२ साली ठरलेला थर्ड पार्टीचा दर वर्षाला ७१४ रुपये आणि वर जीएसटी. जीएसटी धरूनही दिवसाला अडीच रुपये पडत नाहीत, आणि विम्यावाचून लोक पुणे हायवेवर येतात, हे बघून माझा जीव तुटतो.

गाडी कुठली घ्यायची? शंभर-सव्वाशे सीसीची, गावोगाव दिसणारी. स्प्लेंडर, एचएफ डीलक्स, प्लॅटिना, शाइन. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे. तिचं आडव्या सिलिंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन होंडाच्या कबच्या घराण्यातलं, आणि ती कब १९५८ पासून जगभर चालते आहे. व्हिएतनामला फिरायला गेलेली परदेशी पोरंही तिथं अशीच छोटी जुनी होंडा घेतात आणि जाताना पुढच्या पाहुण्याला विकतात. कारण तेच: वाटेत बंद पडली तर पहिल्या खेड्यातला मेकॅनिक उघडतो, आणि क्लच वायर किराणा दुकानाशेजारीही मिळते. मोठी, वेगळी, हौशी गाडी घेऊन मोहोळच्या पुढे अडकलास तर पार्ट पुण्याहून येईपर्यंत थांबशील. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत बहुतेक फ्युएल इंजेक्शन आहे. ॲव्हरेज चांगलं, सकाळी लागायला त्रास नाही, पण बिघडली तर स्कॅनरवाला लागतो. त्याआधीची कार्बोरेटरची गाडी कुणीही सोडवतो. तू फिरणारा आहेस, म्हणून मी कार्बोरेटरच्या बाजूचा. हायवेच्या कडेला तुझ्याजवळ पान्हा असेल, स्कॅनर नसेल.

इथल्या गाड्यांचे दोन रोग मात्र इथंच ओळखायला शिकावं लागतं.

एक, दुधाची गाडी. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटे मैलोन् मैल खड्ड्यांतून गेलेली. रंग देऊन, सीट बदलून आणतात, ओळखू येत नाही. मागच्या कॅरियरच्या आणि ग्रॅब रेलच्या नळीवर आतून बोट फिरव. कॅनचे हूक जिथं घासतात तिथं लोखंडात गुळगुळीत खाच पडते; रंगाखालीही ती बोटाला लागते. मग सीट उचलून मागच्या शॉकॲबसॉर्बरचे बोल्ट जिथं बसतात तिथली चासी बघ, वेल्डिंगचा ठिपका दिसेल. दिसला की गाडी सोड, किंमत कितीही उतरली तरी. मग दहा पावलं मागे जाऊन खाली बस आणि दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का बघ. चासी वाकली असेल तर पुढचं चाक एका अंगाला डोकावतं.

दोन, केमिकल प्लँटच्या स्टँडवर वर्षानुवर्षं उभी राहिलेली. तिथल्या हवेनं सायलेन्सर, स्पोक, रिम आणि मडगार्डची आतली बाजू खाल्ली जाते. वरून पॉलिश असतं, म्हणून आतून बघ. टाकीचं झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने आत बघ, गंज दिसला तर तो पुढे कार्बोरेटरमध्येच येणार.

बाकी पटकन सांगतो. चासी नंबर हँडलच्या नळीवर कोरलेला असतो, इंजिन नंबर इंजिनाच्या खोक्यावर; दोन्ही आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघ, खरवडलेला दिसला तर तिथून निघून ये. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरव, मध्ये अडखळलं तर कोनसेट गेला. मागच्या स्प्रॉकेटवर चेन बोटाने मागे ओढ, दात दिसण्याइतकी सुटली तर पूर्ण चेनकिट बदलावं लागेल. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली असली तरी सोलापूरच्या उन्हात जुनं रबर तडकतं. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, फूटरेस्टचं रबर आणि ब्रेकचा पायडल किती झिजलाय ते बघ. चालवताना चौथ्या गिअरला रेस वाढव. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपल्यात. यातलं काही निघालं म्हणून गाडी वाईट ठरत नाही. गॅरेजवाल्याकडून खर्च लिहून घे आणि तेवढा किमतीतून कमी करायला सांग. त्याला बघायचे शंभर-दोनशे रुपये आपणहून दे, म्हणजे तो तुझ्या बाजूने बोलेल.

घेतलीस की पहिल्या आठवड्यात ऑइल, एअर फिल्टर, प्लग, दोन्ही ब्रेकचे लायनर आणि क्लच-ॲक्सिलरेटरच्या वायरी बदल. आधीच्याने परवाच बदलल्यात म्हणाला तरी बदल. आयएसआयचं हेल्मेट गाडीच्या हिशेबातच धर.

आणि मग फिर, बाळा. दुचाकीला सावळेश्वरच्या नाक्यावर टोल नाही. पहिल्यांदा तुळजापूरला जा. जाताना छोटा घाट लागतो, तिथं गाडीचा दम आणि ब्रेक दोन्ही कळतात. मग अक्कलकोट, नळदुर्गचा किल्ला, मोहोळवरून पंढरपूर. नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे, पहाटे गेलास तर काळवीट दिसतील. लांबोटीला थांबून चिवडा घे. उन्हाळ्यात दहाच्या आत परत ये. सीटखाली जादा ट्यूब आणि प्लगचा पान्हा ठेव, वेड्या बाभळीचा काटा इथं कुणालाच सोडत नाही. आणि गळीत हंगामात, दिवाळीपासून पुढे मार्चपर्यंत, अंधारात हायवेवर फार सांभाळ. उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसतो, ऊस बाहेर आलेला असतो. शंभर सीसीचा हेडलाइट तो दाखवेपर्यंत उशीर झालेला असतो. नाईट शिफ्टहून येताना पन्नासच्या वर जाऊ नकोस. गावांजवळ उलट्या बाजूने येणारे असतात, तेव्हा अगदी कडेलाही चिकटू नकोस.

शेवटी तूही एक दिवस इथून जाशील आणि गाडी विकशील. तेव्हा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून निघून जाऊ नकोस. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, कायद्याने मालक तोच. ती गाडी पुढे हातोहात विकली गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली. विकल्यापासून चौदा दिवसांत फॉर्म २९ आरटीओत दे, पोच घे, आणि ॲपवर घेणाऱ्याचं नाव चढल्याचं बघूनच कोंडीची खोली सोड.