फाईल समोर असूनही ‘फाईल नाही’



आपल्या परभणी जिल्ह्यातील ज्या शाळांत लिनक्सवर चालणारा संगणक आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ प्रणाली असो वा ‘उबुंटू’, प्रसंग सारखाच उद्भवतो. शिक्षक घरच्या विंडोज संगणकावर, नोटपॅडमध्ये, हजेरीपटाची प्रत काढणारी चार ओळींची आज्ञावली लिहितो, पेनड्राइव्हवरून शाळेच्या संगणकावर उतरवून घेतो व टर्मिनलमध्ये चालवितो. उत्तर येते : ‘बॅड इंटरप्रिटर : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, अशी फाईल नाही! बॅशच्या नव्या आवृत्तीत हेच ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ असे येते. फाईल तर डोळ्यांसमोर असते. अशा वेळी संपूर्ण प्रणाली नव्याने बसवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तसे केल्यास मागील वर्षांच्या नोंदी पुसल्या जाण्याचा संभव असतो, आणि दोष मात्र कायम राहतो. कारण तो यंत्रात नसून आपल्या आज्ञावलीत असतो.

संदेश खोटा नव्हे. सापडत नाही ती आपली फाईल नसून, तिच्या पहिल्या ओळीत ज्याचे नाव आपण लिहितो तो दुभाषी होय. ते नाव ‘बॅश’ असे दिसते खरे. परंतु त्याच्या शेपटीस एक अदृश्य चिन्ह चिकटलेले असते, आणि तशा नावाचा दुभाषी यंत्रात खरोखरच नसतो. जुन्या आवृत्तीचा संदेश बारकाईने वाचल्यास ‘बॅश’च्या पुढे काकपदचिन्ह व ‘एम’ हे अक्षर आढळते. ‘एम’ हे इंग्रजी वर्णमालेतील तेरावे अक्षर, आणि त्या अदृश्य चिन्हाचा क्रमांकही १३ च.

ज्यांनी टंकलेखन यंत्र हाताळले आहे त्यांना याचे मूळ लगेच उमगेल. तेथे ओळ संपली की गाडा आरंभी न्यावा लागे आणि कागद एक ओळ वर सरकवावा लागे. दूरमुद्रकात या दोन क्रियांना दोन चिन्हे होती : १३ आणि १०. विंडोज प्रत्येक ओळीअखेर दोन्ही लिहिते. १९६९ मध्ये जन्मलेल्या युनिक्सच्या परंपरेत केवळ १० पुरतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सनेही तोच परिपाठ ठेवला. कागदच नसलेल्या यंत्रात कागदाची ही आठवण उरली, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.

खात्री करण्यासाठी ‘फाइल’ ही आज्ञा देऊन पुढे आपल्या फाईलचे नाव लिहावे. उत्तरात ‘सीआरएलएफ’ ही अक्षरे आली, तर निदान निश्चित झाले. ‘डॉस-टू-युनिक्स’ हे साधन असल्यास ते क्षणात दुरुस्ती करते; त्याच्या नावात ‘टू’ हा अंकात लिहितात व मध्ये जागा सोडत नाहीत. मात्र केवळ चार ओळी असतील, तर त्या लिनक्सवरच नव्या फाईलमध्ये पुन्हा टंकित कराव्यात, हेच मला सोयीचे वाटते. नव्या फाईलला आरंभी ‘परमिशन डिनाइड’ असे उत्तर येईल. ती निराळी बाब आहे : फाईलच्या गुणधर्मांत ती चालविण्याची अनुमती द्यावी, म्हणजे काम होते.