पाकळी भरण्याआधी

पोरी, खादीवर भरतकाम करायचं ठरवलंस तर आधी कापड रात्रभर पाण्यात टाक. हातसुताची खादी पहिल्या धुण्यात आटतेच. मग ती वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणलेली असो की साध्या खादी भांडारातली. कापड आटतं, दोरा तेवढा आटत नाही, आणि भरलेल्या पाकळीभोवती चुण्या पडतात. कितीही इस्त्री फिरव, त्या जात नाहीत. गर्द लाल, निळा दोरा असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून बघ. चिंधीला रंग लागला तर तो दोरा बाजूला ठेव.

हातसूत कुठे जाड, कुठे बारीक असतं. म्हणून दसुतीसारखे धागे मोजून फुल्या घालायला जाऊ नकोस. एक फुली लांबट होते, दुसरी बसकी. खादीला मोकळे टाके शोभतात.

भरीव टाका सगळ्यांनाच आवडतो, पण तो लहान जागेचा. एक सेंटिमीटरहून रुंद पाकळी एका टाक्यात भरलीस तर दोरा सैल पडतो आणि बांगडीत अडकतो. आधी रेघेवरून बारीक उलटी टीप घाल, आत धावदोऱ्याच्या आडव्या ओळी, आणि त्यावर उभा भरीव टाका. माझ्या मावससासूबाई आतला धावदोरा बघितल्याशिवाय पुढचा टाका घालू देत नसत. पाकळी उठून दिसते ती त्यानंच. सुरुवात मधोमध करायची, मग एक बाजू, मग दुसरी. कडेपासून निघालीस तर तिरकेपणा हातचा सुटतो.

रुंद पाकळीला लांब-आखूड टाका. पहिल्या ओळीत कडेला सगळे टाके एका रेषेत, आत एक लांब, एक आखूड. पुढच्या ओळीत सुई आधीच्या टाक्याच्या टोकातून, दोरा चिरून वर काढायची. सांधा दिसत नाही.

मोराचं अंग, केळीचं पान अशा मोठ्या जागा गच्च भरूच नयेत, असं मी ठामपणे सांगते. सेवाग्रामला बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली झाडं नीट बघून ये. झाडं थोडी, मोकळी भिंत जास्त. कुणीतरी कातलेलं सूत दोऱ्याखाली गाडून टाकायचं असेल तर खादी घ्यायचीच कशाला?

अशा जागेला जाळी घाल. तिरके लांब दोरे अर्ध्या सेंटिमीटरवर, मग त्यांना छेदणारे दुसरे, आणि जिथे दोन दोरे भेटतात तिथे एक बारीक टाका. दोरा कडेला खाली नेलास की तिथेच शेजारी वर काढ. मागून पलीकडे नेलास तर दोरा दुप्पट लागतो आणि कापड जड होतं. जाळीला रिंग घट्टच हवी.

नाहीतर बी टाका. तांदळाच्या कणीएवढे सुटे टाके, शेजारच्या दोघांची दिशा वेगळी; कडेला दाट, आत विरळ. एकाच रंगात छटा येते. फक्त मागे लांब उड्या मारू नकोस, पातळ खादीतून गडद दोऱ्याची सावली दिसते.

दोरा हातभरच घे, लांब घेतलास की पिंजतो. काम थांबवलंस की रिंग काढून ठेव, नाहीतर तिचा गोल वळ राहतो. इस्त्री उलट बाजूनं, खाली जाड टॉवेल घालून.