मनही थकते

सन २०२० मध्ये करोनाची साथ आली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी झाली. छत्रपती संभाजीनगरात उस्मानपुरा ही वस्ती आहे. तेथेही लोक घरात बसले. पण सफाई कामगार, नर्सबाई, आशाताई यांना कामावर जावेच लागे. शहरातल्या घाटी दवाखान्यात रात्रंदिवस रोग्यांची सेवा चालली.

त्यांना भीती नव्हती का? होती. आपल्यामुळे लेकरांना रोग लागेल, ही धास्ती होती. झोप येईना. घास गोड लागेना. काहींना तर शेजाऱ्यांनी दूर लोटले.

हा भित्रेपणा नव्हे. अंग थकते, तसे मनही थकते. अशा माणसाचे ऐकून घ्या. त्याला विसावा द्या. तरी बरे वाटले नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आता १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो. मराठीत बोलता येते.