आबांची जपानी तलवार सांभाळताना

कोपर, डोंबिवली (पश्चिम)

चि. सोनू,

काल फोनवर बोलणं झालं आणि आज लिहायला बसलो. या गोष्टी फोनवर सांगितल्या की अर्ध्या राहतात. आबांची जपानी तलवार तुझ्याकडे पुण्याला द्यायची हे आता ठरलं, आणि तू ती मागून घेतलीस याचा मला मनापासून आनंद आहे. पण बोलता बोलता तू म्हणालीस, ‘मामा, आधी तिला बाहेरून मस्त चकचकीत करून घेऊ, मग हॉलमध्ये लावू.’ तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं. म्हणून हे पत्र.

गंज लागलेली तलवार वाचवता येते. माया म्हणून घासून-पुसून लख्ख केलेली तलवार पुन्हा मिळत नाही. कल्याणच्या एका घरात मी असं पातं पाहिलंय. नातवाने हौसेने बफिंग मशीनवर धरलं आणि दहा मिनिटांत ते स्टीलच्या ताटासारखं गुळगुळीत झालं. त्यावर काय होतं, कोणाचं होतं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. ही गोष्ट फक्त जपानी तलवारींची नाही. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार आपल्या सरकारने एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात 47 लाख 15 हजारांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. पातं युरोपीय बनावटीचं, सरळ आणि एकधारी. ती रघुजींची हे ओळखू आलं पात्याच्या पाठीवर सोन्याने लिहिलेल्या देवनागरी ओळीमुळे. त्यांचं नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब तिथे आहे. मधल्या काळात एखाद्या मालकाने ती पाठ पॉलिश करून घेतली असती तर ती आज कुठल्या तरी सरदाराची फिरंग म्हणून विकली गेली असती.

आपल्या तलवारीवर अशी ओळ नाही. तिची साक्ष वेगळ्या जागी आहे, ती तुला नीट समजावून सांगतो.

मूठ पाहिलीस ना, तपकिरी फितीने गुंडाळलेली? तिच्यात बांबूची एक बारीक खुंटी आहे. जपानीत तिला मेकुगी म्हणतात. अख्खं पातं मुठीत त्या एका खुंटीवर टिकतं. ती खुंटी लाकडी दट्ट्याने हलकेच ठोकून काढायची. मग डाव्या हाताने मूठ धरून पातं तिरकं वर रोखायचं आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर एक ठोसा द्यायचा. पातं आतल्या आत सैल होतं आणि वर सरकतं. ओढाताण करायची नाही, पकड लावायची तर मुळीच नाही. मुठीत लपणारा जो भाग बाहेर येतो त्याला नाकागो म्हणतात. तलवारीची जन्मपत्रिका तिथे असते. कारागीर आपलं नाव तिथे कोरतो, कधी मागच्या बाजूला तारीखही. दुसऱ्या महायुद्धातल्या पुष्कळ लष्करी तलवारींवर तिथेच कारखान्याचा छोटा शिक्का असतो. तारीख शोवा सालात असेल तर त्यात 1925 मिळवायचे. शोवा 18 म्हणजे 1943.

आपल्या पात्यावर नाव नाही, शिक्काही नाही. भोकं मात्र दोन आहेत. खुंटीला एकच लागतं. म्हणजे हे पातं पूर्वी दुसऱ्या मुठीत होतं आणि बहुधा कापून आखूड केलेलं आहे. त्यात नावही गेलं असावं. त्या भागावरचा गंज काळपट, गर्द तपकिरी आणि बसलेला आहे. बोट फिरवलं तर भुकटी येत नाही. गंजाखाली कानशीच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. तो रंग आणि त्या रेघा यांवरून जाणकार वयाचा अंदाज बांधतात. वर लष्करी साज आहे, परजेवर चेरीची फुलं आहेत, म्हणून सगळी तलवार लढाईच्या काळातलीच असं धरून चालू नकोस. घरातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून नेणारे जपानी अधिकारी पुष्कळ होते. तो काळपट गंज कोणी पॉलिश पेपरने काढला तर आपल्याकडे पुरावा म्हणून काहीही उरणार नाही. पात्यावर कुठे लाल, भुरभुरता ताजा गंज दिसला तर तेल लावून ठेव आणि मला कळव. मुठीतल्या भागाला मात्र हात लावायचा नाही. कोणी कितीही शहाणा सांगायला आला तरी नाही.

धारेचंही असंच आहे. धारेलगत ढगासारखी पांढुरकी रेघ दिसते ना, ती हामोन. पातं तापवण्याआधी त्यावर मातीचा लेप देतात, धारेशी पातळ आणि पाठीशी जाड. मग लाल करून पाण्यात बुडवायचं. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ जरा नरम आणि चिवट राहते. ती रेघ त्या एका क्षणाची आहे. धारवाल्याच्या फिरत्या चाकावर पातं तापलं की तो कडकपणा जातो आणि परत येत नाही. जपानी पातं घासायचं काम तोगिशी नावाचे कारागीर करतात. एकापाठोपाठ एक बारीक होत जाणारे दगड वापरून ते कित्येक दिवस घेतात, आणि त्यांच्या हातूनसुद्धा दरवेळी थोडं लोखंड झिजतंच. आपल्याकडे ‘मी हे काम करतो’ असं सांगणारा कोणी तुला भेटला, तरी तलवार त्याच्या हातात देऊ नकोस. नकली तलवारीवर हीच रेघ तेजाबाने काढतात, तेव्हा पुढे कधी दुसरी विकत घ्यायची हौस आलीच तर आधी पुष्कळ पाहा. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये जपानी तलवारी आहेत. काचेसमोर नीट उभं राहून ती रेघ डोळ्यांत बसव. पैसे काढण्याच्या आधी वर्षभर फक्त बघायचं, असं मी तुला सांगेन.

आता घरची निगा. आपलं कोपर खाडीला लागून. पावसाळ्यात इथे हवेतला ओलावा 80-90 टक्क्यांवर जातो आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. पुण्यात तुला त्रास कमी होईल, पण जून ते सप्टेंबर बेफिकीर राहू नकोस. म्यानावरची चामड्याची खोळ मी काढून वेगळी ठेवली आहे, ती तशीच वेगळी राहू दे. चामडं पाणी धरून ठेवतं. प्लास्टिकच्या पिशवीत तलवार कधीही गुंडाळू नकोस, आत घाम सुटतो. सुती कापडाच्या पिशवीत, आडवी, धार वर करून, जमिनीपासून उंच. 26 जुलै 2005 ला आपल्या खालच्या मजल्यावर पाणी शिरलं तेव्हा ती माळ्यावर होती म्हणून वाचली. कपाटात सिलिका जेल ठेव. ते ओलं झालं की बदलायचं.

तेल वर्षातून दोनदा पुरेल, पावसाळ्यात दोन-दोन महिन्यांनी. म्यानातून काढताना धार वर ठेवायची, म्हणजे पाठ लाकडावरून सरकते आणि धार आतून म्यान कापत नाही. पाठीच्या बाजूने कापड धरून मुठीकडून टोकाकडे एकदाच पुसायचं. टोकाशी घाई करू नकोस, बहुतेकांची बोटं तिथेच कापतात. जुनं तेल निघालं नाही तर केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसायचं. मग शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब दुसऱ्या स्वच्छ कापडावर घेऊन इतका पातळ हात फिरवायचा की तेल दिसायला नको, चमक तेवढी दिसावी. जपानात लवंगेच्या वासाचं चोजी तेल वापरतात. मुळात ते पातळ खनिज तेलच असतं. खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन बसतं. पितांबरी, राख, चिंच, लिंबू, यातलं काहीही नको. पात्याला उघडं बोट लावायचं नाही आणि उघड्या पात्यावर वाकून बोलायचंही नाही. घामाचा आणि थुंकीचा डाग लोखंडात खोल जातो.

खंडेनवमीचं बोलायलाच हवं. तुझी आई दरवर्षी सांगते, शस्त्रपूजेला तलवार उघडी ठेवून हळदीकुंकू, गंध, झेंडू वाहायला हवा. देवीबद्दल मला तितकीच श्रद्धा आहे. पण ओलं कुंकू आणि झेंडूचा रस रात्रभर पात्यावर राहिला की सकाळी त्याचा ठसा उमटलेला असतो, आणि तो काढायला पुन्हा घासणं आलं. आमच्याकडे अनेक वर्षं म्यानाची पूजा होते, तीही सुकी. तू तेच चालू ठेव आणि ताईला माझं नाव सांग.

तलवारीबरोबर एक जुनं पाकीट देणार आहे. त्यात पूर्वी मुठीला सुतळीने बांधलेली लाकडाची लहान पट्टी आहे, तिच्यावर शाईने लिहिलेली जपानी अक्षरं आहेत. 1945 मध्ये शरण आलेल्या अधिकाऱ्यांनी आपली तलवार खाली ठेवताना त्यावर कधी कधी आपलं नाव-गाव असं बांधून दिलं, या आशेने की ती कधीतरी घरी जाईल. दोस्त सैन्याच्या आग्नेय आशियातल्या सरसेनापती माउंटबॅटनने जपानी अधिकाऱ्यांना तलवारी द्यायला लावल्या, त्यातल्या हजारो अशा घरोघर पांगल्या. आपल्या पोरांनी त्या महायुद्धात काय सोसलं हे तुला माहीत आहे. मार्च 1944 मध्ये मणिपुरात सांगशाकला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. आबांना तलवार पुढे, महायुद्ध संपल्यावर मिळाली. ती लाकडी पट्टी आणि आबांनी वहीत लिहिलेल्या दोन ओळी मला पात्याइतक्याच मोलाच्या वाटतात. पट्टीची सुतळी सोडवू नकोस, अक्षरं ओल्या बोटाने पुसू नकोस. चांगल्या उजेडात फोटो काढ आणि छापील प्रतही ठेव.

नोंद नीट नसली की काय होतं ते होन्जो मासामुनेचं उदाहरण सांगतं. मासामुने या नामवंत जपानी कारागिराची ही तलवार जपानने 1939 मध्ये राष्ट्रीय ठेवा ठरवली होती. तिच्या मालक तोकुगावा घराण्याने ती डिसेंबर 1945 मध्ये टोकियोतल्या मेजिरोच्या पोलीस ठाण्यात जमा केली. तिथून ती एका अमेरिकी सार्जंटच्या नावावर दिल्याची नोंद आहे, पण त्या नावाचा माणूस सापडत नाही. तलवार आजतागायत बेपत्ता आहे. म्हणून तुझ्या वहीत आजपासून लिही: कोणाकडून आली, केव्हा आली, लांबी किती, कोणी कधी तेल लावलं.

आता कायद्याचं. यात हयगय नको. शस्त्र नियमांत तलवारीचं नाव स्पष्ट आहे आणि शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 4 खाली सरकारने अधिसूचित केलेल्या भागात धारदार शस्त्राला परवाना लागतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात, तेव्हा तलवार घेऊन फिरणं गुन्हा ठरतं. तलवारीने केक कापल्याचे व्हिडिओ टाकून आपल्याच भागातली पोरं पोलीस ठाण्यात गेलीत. तुझ्या मुलाला हे बजाव: स्टेटसवर फोटो नाही, रीळ तर नाहीच. तलवार लोकलने न्यायची नाही. ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयाला मी दिलेल्या अर्जाची प्रत तुला देतो. तू पुण्याच्या आयुक्तालयात आधी लेखी विचार, उत्तर हातात येऊ दे, मगच न्यायला ये. पातं शंभर वर्षांवरचं निघालं तर 1972 चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. देशाबाहेर पाठवायचं झालं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारल्याशिवाय नाही. कोणी विकत घेतो म्हणाला तर त्याच्याकडे परवाना आहे का ते आधी पाहा. भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर ती जाऊ नये, एवढं माझं मागणं आहे.

तुझ्या मनात एक विचार आहे, मला ठाऊक आहे. त्या जपानी अधिकाऱ्याच्या घराचा पत्ता लागला तर तलवार परत द्यावी. विचार मला फार आवडला. पण घाई करू नकोस. जपानात तलवार ठेवायला प्रांताच्या शिक्षण मंडळाचं नोंदणीपत्र लागतं, आणि ते हाताने घडवलेल्या पात्यालाच मिळतं. कारखान्यात यंत्राने काढलेली लष्करी तलवार तिथे नोंदत नाहीत, ती जप्त होते. परत द्यायला म्हणून पाठवलेली वस्तू तिथेच मोडीत निघाली तर तो दुहेरी अन्याय होईल. आधी ती लाकडी पट्टी वाचून घे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तू जतनाचा विभाग आहे, त्यांना फोटो दाखव आणि सल्ला माग. तिथला माणूस सांगेल तसं कर, माझ्यापेक्षा त्याचं जास्त ऐक.

पुण्याच्या आयुक्तालयाचं उत्तर आलं की मला कळव. मी तोवर म्यानाच्या तोंडाशी सैल झालेली पट्टी तशीच ठेवतो, डिंक लावत नाही. येताना सुती चादर, कोरी वही आणि ताईला बरोबर घेऊन ये. खुंटी काढायची रीत मी तिच्यादेखत तुला दाखवीन.

तुझा मामा