बंद कारखान्याची जमीन आणि आपली खाडी



कारखाना बंद झाला तरी जमिनीत मुरलेलं रसायन तिथंच राहतं. पावसात ते झिरपून नाल्याने खाडीत येतं, गाळात बसतं. त्याच गाळात आपले खेकडे आणि निवट्या वाढतात. सुरतला धोका नवा नाही. ६ जानेवारी २०२२ ला सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडताना विषारी वायू झाला, ६ कामगार गेले.

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये अशा दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत. थोडक्यात असे:

१) लोकांच्या तक्रारीवरूनही जिल्हा प्रशासन संशयित जागा यादीत घेतं. यादी दर सहा महिन्यांनी होते.

२) ९० दिवसांत प्राथमिक तपासणी. संशय राहिला तर आणखी ३ महिन्यांत सविस्तर तपासणी.

३) दूषित ठरली तर जागा जाहीर होते, तिथं जाण्या-येण्यावर बंधन येतं.

४) सफाईचा खर्च घाण करणाऱ्याकडून. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्य सरकार करतं.

लक्षात ठेवा, समुद्रात सांडलेलं तेल या नियमात येत नाही, त्याला वेगळा कायदा आहे.

म्हणून तोंडी बोलून थांबू नका. जागा, तारीख, भरती की ओहोटी, पाण्याचा रंग-वास, मेलेली मासळी, सगळं लिहा, लांबून फोटो काढा. पाण्याला हात लावू नका. अर्ज कलेक्टर कचेरीत द्या, एक प्रत गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला. दोन्हीकडे पोच घ्याच.